पंपामागची विहीर

८ जानेवारी

ऑफिसात नवीन काम हातात पडलं. भिवंडीजवळच्या वळ गावचा जुना पेट्रोल पंप. गोडाऊनवाली एक कंपनी ती जागा विकत घेतेय, त्याआधी जमिनीत तेल मुरलंय का ते तपासून द्यायचं. चार टाक्या जमिनीखाली. पंप दिवाळीपासून बंद.

नकाशा उघडला आणि हात थांबला. हा पंप मी पाहिलाय. सहा वर्षांपूर्वी, याच कामासाठी.

सबनीस सरांनी नकाशावर तीन लाल ठिपके मारूनच ठेवले होते. इथे होल मारायची, माती काढायची, लॅबला पाठवायची. तिन्ही ठिपके पुढे, रस्त्याच्या बाजूला. जमिनीचा उतार मागे, खाडीकडे. पाणी उताराने जातं आणि त्याच्याबरोबर तेलही. हे सरांना माझ्याइतकंच कळतं.

"मागे एकही नाही?"

"मागे मशीन जात नाही, शैला. आणि क्लायंटला व्यवहार लवकर उरकायचाय, तीनच सांगितलीत."

हसत म्हणाले. ते हसू घरी येईपर्यंत डोक्यात होतं. यापुढे या वहीत त्यांना नुसतं स. लिहिणार. पूर्ण नाव लिहायचीही इच्छा नाही.

९ जानेवारी

जुनी फाईल शोधली. सापडली. नाही सापडली तर बरं, असं कपाट उघडताना वाटत होतं.

"तपासलेल्या ठिकाणी तेलाचा अंश आढळला नाही." खाली माझी सही. गोल, नीट, शाळेतल्यासारखी.

वाक्य खरं आहे, म्हणूनच जास्त चीड येते. तपासलेल्या ठिकाणी! आणि तपासलं कुठे? हेच तीन ठिपके. स.नी जुना नकाशाच परत छापलाय.

माझी तेव्हाची साइटवरची वहीही मिळाली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने: "मागच्या विहिरीला वास येतो, एक बाई सांगते. हद्दीबाहेर." हद्दीबाहेरखाली रेघ ओढलेली. मीच ओढलेली. रिपोर्टात त्या विहिरीबद्दल एक शब्द नाही.

आई तेव्हा आजारी होती, नोकरी नवी होती. कारणं लिहीत बसणार नाही. कारणं सगळ्यांकडे असतात, स.कडेही असतील.

१३ जानेवारी

पहिला दिवस साइटवर. रियाझभाई मशीन घेऊन सातलाच हजर. होल मारायचं मशीन त्यांचं स्वतःचं, आम्ही भाड्याने घेतो. पाच वर्षं आम्ही बरोबर काम करतोय. माती बघून माझ्याआधी बोलतात.

होल १, २, ३. वर भराव, मग पिवळा मुरूम, खाली चिकणमाती. स्वच्छ. तेलाची वाफ मोजायचा मीटर हलला नाही.

रियाझभाई नळी पुसत म्हणाले, "मॅडम, इधर कुछ नहीं मिलेगा. जिसको कुछ ढूँढना नहीं है, वो इधर होल मारता है."

मान खाली घालून बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

पंपाचे मालक पंढरीशेठ स्वतः चहा घेऊन आले. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन. टाक्या त्यांच्या वडिलांनी पुरलेल्या. गप्पांत सहज बोलून गेले, "या टाक्यांचा एकच वैताग, मॅडम. पावसाळ्यात आत पानी चढतं. दरसाल मोटर लावून काढून टाकावं लागतं."

"किती वर्षं?"

"चार-पाच झाली. जास्तच असतील. सगल्या पंपांचा असाच असतो."

मी कप खाली ठेवला. माणसाला कळलंच नाही तो काय बोलला ते. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, ते टाकीत शिरत असेल तर टाकीला भोक आहे. आणि त्याच भोकातून उन्हाळ्यात काय बाहेर जातं?

की कळतंय त्याला सगळं?

सामान आवरताना मागच्या भिंतीवरून एक म्हातारी बघत होती. हिरवं लुगडं, कमरेला कोयता.

"अगो, तूच ना ती? मागं टोपी घालून आलेलीस?"

मी हो म्हटलं.

"मी तुला सांगलेलं, पानी वास मारतंय. तू लिवून घेतलंस."

गाडीत बसले. काचा वर केल्या. उकडत होतं तरी.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. बाबांना डबा करून दिला आणि स्कूटीवरून सरळ वळला गेले. स.ला सांगितलं नाही.

हिराबाय. कालची ती म्हातारी. पंपाच्या भिंतीमागे त्यांचं घर, पाच गुंठे भाजी, आणि विहीर. भिंतीपासून मी पावलं मोजली, बावन्न. विहिरीवर पत्रा टाकलेला, पत्र्यावर दगड. तिळगूळ घेऊन गेले होते तो हिराबायने हातात घेतला नाही. "यंदा सन न्हाय आमचा," म्हणाली.

मग सून बाहेर आली. कल्पना. तिशीची असेल. तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितल्यावर सण का नाही ते कळलं.

तिनेच सांगितलं. उभ्या उभ्या, दाराच्या चौकटीला टेकून. मागच्या मे महिन्यात विहीर आटली होती. मदन, तिचा नवरा, हिराबायचा एकुलता एक, गाळ काढायला उतरला. सकाळची वेळ. दोन पाट्या वर दिल्या. तिसऱ्या वेळी दोरी हलली नाही. शेजारचा एकजण कमरेला दोर बांधून उतरला, त्यालाही अर्ध्यातच चक्कर आली, लोकांनी ओढून वर घेतला, तो वाचला. मदनला काढायला तास लागला.

"कागदावं लिवलं, गुदमरून. इहिरीत गॅस व्हता बोलले. जुन्या इहिरीत व्हतो बोलले."

"पेट्रोलचा वास होता?"

"वास तं कायमच व्हता." तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी वेडीच आहे. "आमाला त्याची सवय झाली."

हिराबायने भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. नको म्हणायची हिंमत झाली नाही. खाल्लं.

१५ जानेवारी

काल पुढचं लिहिता आलं नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. सिद्ध करता येणार नाही. विहिरीत दुसराही वायू असू शकतो. शास्त्र म्हणून मला हे लिहावंच लागेल. पण कोणी माझ्या तोंडावर हे वाक्य बोललं तर मी त्याच्या कानाखाली

१६ जानेवारी

मारलं. होल ४.

सकाळी रियाझभाईंना फोन केला. भिंतीच्या आतल्या बाजूने, टाक्यांच्या मागे, तीन फुटांची गल्ली आहे. मोठं मशीन जात नाही, हे स.चं खरं. हाताने फिरवायचा ऑगर, माती पोखरणारा मोठा स्क्रू, जातो. हे स.ला सुचलं नसेल असं नाही.

"परमिशन है क्या, मॅडम?"

"नहीं है."

त्यांनी ऑगर खांद्यावर घेतला. "चलो फिर, शेठ के आने से पहले."

दोघांनी मिळून फिरवलं. दोन मीटरपर्यंत मुरूम. त्यानंतर मातीचा रंग बदलला, राखाडी-निळी, ओशट. वास आधी आला, मीटर नंतर बोंबलला. आकडा इतका वर गेला की मीटर बिघडला वाटून तो बंद करून परत चालू केला. बिघडला नव्हता.

तीन मीटरवर पाणी लागलं. पारदर्शक नळी दोरीने आत सोडली. वर काढली तर पाण्यावर बोटभर पिवळट थर. नुसता वास नाही, अंश नाही, थर. काडी लावली असती तर पेटला असता.

रियाझभाई नळीकडे बघत राहिले. "या अल्लाह. ये तो पंप के नीचे दूसरा पंप है."

बरण्या भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या, कागदावर वेळ टाकली, होलमध्ये पाइप बसवून झाकण लावलं. मी तोवर शांत होते. धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकले तेव्हा हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने शिव्या देत होते. कोणाला ते ठरत नव्हतं. शेवटी जास्त मलाच दिल्या.

१९ जानेवारी

स.ने केबिनमध्ये बोलावलं. पंढरीशेठचा फोन आला होता, झाकण त्यांना दिसलं.

"चौथं होल कोणी सांगितलं?"

"उताराने."

"शैला, शब्दांचे खेळ नको. क्लायंटच्या परवानगीशिवाय तू दुसऱ्याच्या जागेत खड्डा मारलास. ही चोरी आहे."

मी विहिरीचं सांगितलं. मदनचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला खरंच वाटलं आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल.

"वाईट झालं," म्हणाले. "पण आपल्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि जुना रिपोर्ट तुझ्या सहीचा आहे, लक्षात आहे ना? हे बाहेर काढलंस तर पहिली तू अडकशील."

म्हणजे त्यांना आठवत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणूनच काम मला दिलं.

बाहेर आले. टेबलावर पाण्याची बाटली होती ती भिंतीवर फेकली. रिकामी होती. आवाजसुद्धा धड झाला नाही.

२० जानेवारी

बाबांना सांगितलं.

बाबांनी चाळीस वर्षं लूम दुरुस्त करण्यात काढली, कान केव्हाच गेले. कानाचं मशीन लावत नाहीत, डोकं दुखतं म्हणतात. कणेरीतल्या चाळीत आमच्या दोन खोल्या, भिंतीला भिंत. हळू सांगितलं तर त्यांना ऐकू येत नाही.

"बाबा, मी खोट्या रिपोर्टवर सही केली."

"काय? कुठे गेली?"

"सही केली! खोटी!"

"कोणी?"

"मी! मी केली! त्याच्यानंतर एक माणूस मेला!"

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या चाळीने ऐकलं. मी रडत नव्हते, ओरडत होते, आणि एकदा ओरडायला लागल्यावर थांबता येईना. स.चं, पंढरीशेठचं, विहिरीचं, सगळं.

बाबा तोंडाकडे बघत होते. ओठ वाचतात ते. मग म्हणाले, नेहमीच्या त्यांच्या मोठ्या आवाजात, "मग आता खरी कर."

एवढंच. आणि वर, "भात करपतोय."

२३ जानेवारी

लॅबचे निकाल आले. होल १, २, ३ स्वच्छ. होल ४ चा कागद तीन पानांचा. बेंझिनचा आकडा बघून लॅबच्या मुलीने मला खासगीत फोन केला, "मॅडम, नमुना माती आहे की पेट्रोलच पाठवलंत?"

दुपारी स.चा मसुदा आला. होल ४ नाही. तीनच ठिपके, तेच वाक्य, "तपासलेल्या ठिकाणी". खाली माझं नाव आधीच टाइप केलेलं, वर सहीला जागा.

प्रिंट काढली. सहीच्या जागी आडवी रेघ मारली. इतकी जोरात की कागद फाटला. तसाच स.च्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी रियाझभाईंचा फोन. आमच्या ऑफिसाने त्यांना पुढची दोन कामं नाही म्हणून सांगितलंय. माझ्यामुळे. मी माफी मागायला लागले तर मध्येच तोडलं, "मशीन मेरी है, मॅडम. जमीन फोड़ने का काम बहुत है भिवंडी में. आप अपना देखो."

२७ जानेवारी

सव्वीस तारखेची सुट्टी गेली, आज प्रदूषणाचं सरकारी ऑफिस उघडलं. पाच पानी अर्ज, लॅबचे कागद, फोटो, आणि वेगळ्या पानावर जुन्या रिपोर्टचं: होलच्या जागा चुकीच्या होत्या हे मला तेव्हा माहीत होतं, विहिरीची तक्रार मला मिळाली होती, मी ती लिहिली नाही. हे पान लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चार वेळा "परिस्थितीमुळे" हा शब्द आला, चारही वेळा खोडला.

अधिकारी तरुण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शेवटचं पान दोनदा वाचलं.

"मॅडम, हे तुम्ही स्वतःविरुद्धच लिहिलंय."

"हो."

"वकिलाला विचारलंत?"

"नाही."

मग सरळ सांगितलं. माझे नमुने चालणार नाहीत. परवानगीशिवाय घेतलेले, आणि मीच तक्रारदार. पाणी आणि माती त्यांनी स्वतः, पंचांसमोर घ्यावी लागेल. पाच फेब्रुवारीला येतो म्हणाला. आधी का नाही? गाडी एक आहे. नऊ दिवस! मी आवाज चढवला. त्याने ऐकून घेतलं. "मी येईन," म्हणाला. पोचपावतीवर शिक्का मारून दिला.

तिथूनच स.ला राजीनामा पाठवला. दोन ओळी.

२९ जानेवारी

हरामखोर.

कल्पनाचा फोन सकाळी. "इथं जेसीबी आलाय. टाक्या काढतायत."

पोचले तोवर दोन टाक्या बाहेर काढून ट्रकवर चढवलेल्या. पत्रा खालून चाळणीसारखा. मी फोटो काढायला गेले तर पंढरीशेठच्या माणसाने मोबाईलसमोर हात धरला. खड्ड्यातली निळी ओशट माती डंपरमध्ये भरत होते. माझं होल ४ खड्ड्यात गेलेलं.

डंपर निघाला तशी स्कूटी मागे घातली. अंजूर गावाला गेला. खाडीच्या अलीकडे भातशेतात नव्या गोडाऊनचा पाया भरतायत, तिथे ओतली. शेजारी बाया कोलंबी निवडत बसलेल्या, पन्नास पावलांवर. त्यांच्यातली एक नाकाला पदर लावून म्हणाली, "कसली माती ही?" तिला सांगितलं. तिने मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, "मातीच हाय. भराव हाय."

मी त्याच्या अंगावर धावून गेले. खरंच. बेचाळीस वर्षांची बाई, पायात स्पोर्ट शूज, एका मुकादमाच्या शर्टाला धरलं. कोलंबीवाल्यांनी सोडवलं.

अधिकाऱ्याला फोटो पाठवले. डंपरचा नंबर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, मग एक ओळ: "पाच तारखेला दोन्ही जागा बघतो. विहीर तरी तशीच राहू द्या."

विहीर तरी. म्हणजे बाकी सगळं गेलं. पंपाचा खड्डा उद्यापर्यंत स्वच्छ मुरुमाने भरतील. टाक्या भंगारात. अंजूरची माती कुठून आली, हे डंपरवाला उद्या विसरेल.

१ फेब्रुवारी

आज सांगितलं. हिराबायला आणि कल्पनाला.

ओटीवर दोघी वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. तीन ठिपके, वहीतलं पेन्सिलीचं वाक्य, सही.

हिराबायचे हात थांबले. कल्पनाचे नाही. तिने हातातली शेंग सोलून संपवली, दाणे टोपात टाकले, मग विचारलं.

"तवा तू लिवलं असतंस तं त्यो उतरला नसता?"

"नसता. बहुतेक."

"बहुतेक काय? हो का न्हाय?"

"मला माहीत नाही, कल्पना. खरंच माहीत नाही. तेव्हा लिहिलं असतं तर टाक्या तपासल्या असत्या. विहिरीवर पाटी लागली असती. कदाचित."

"कदाचित," ती म्हणाली. माझ्यासारखंच, शहरी. मग टोप उलटा केला. दाणे ओटीभर झाले. "जा तू."

हिराबाय माझ्याकडे बघत नव्हती. दाणे गोळा करत होती, एकेक. "आमच्यात भाकरी खाल्लीस त्या दिशी," एवढंच म्हणाली. "तवा म्हाईत व्हतं तुला."

हो. तेव्हा माहीत होतं.

आज कोणावर राग नाही. जागाच नाही उरली.

३ फेब्रुवारी

जागा असते. राग परत आला.

पंढरीशेठ काल हिराबायकडे गेला होता. हात जोडून. "झालं ते झालं, काकी. ती विहीर डोळ्यासमोर नको तुमच्या. मी बुजवून देतो, माझा डंपर, माझा मुरूम. पाण्याला दुसरीकडे बोअर मारून देतो." पाच तारखेला सकाळी. त्याला तारीख कोणी सांगितली?

हे मला कळलं शेजारच्याकडून, त्या दिवशी मदनला काढायला उतरला होता तो. कल्पना हो म्हणालीये.

४ फेब्रुवारी

गेले. फाटकातच उभी राहिले, आत कोणी या म्हटलं नाही. कल्पना पाणी भरून आणत होती, लांबच्या नळावरून, डोक्यावर हंडा.

म्हटलं, एक दिवस थांब. सरकारी माणूस उद्या येतोय. आता फक्त ही विहीर उरलीये. बुजवली की संपलं.

तिने हंडा उतरवला नाही. "रोज सकाळी उठते आनं पयली ती दिसते. नऊ म्हयने. झाकण टाकलं तरी दिसते. तुला ती पायजे पुराव्याला. मना नको हाय."

मी तिला सांगतेय की तुझ्या नवऱ्याची कबर उघडी ठेव, माझं काम व्हायचंय. कोणत्या तोंडाने? तिला ओरडायचा हक्क आहे आणि ती ओरडत नाही, आणि मी ज्यांच्यावर ओरडतेय ते एसीत बसलेत.

"तुझी विहीर आहे. तू ठरव," म्हटलं.

"मीच ठरवनार," ती म्हणाली आणि आत गेली.

५ फेब्रुवारी

इथेच बसून लिहितेय, विहिरीजवळ, बांधावर.

आठला आले. रियाझभाई माझ्याआधी आले होते, न सांगता, मशीनशिवाय, नुसतेच. नऊला डंपर आला, मुरुमाने भरलेला. मागे जेसीबी. मागून पंढरीशेठची गाडी.

मी काही केलं नाही. करायचं नाही असं ठरवून आले होते. बांधावर हात मांडीखाली दाबून बसले.

डंपर मागे घ्यायला लागला. तेव्हा कल्पना घरातून बाहेर आली. पत्र्यावरचे दगड बाजूला केले, पत्रा ओढला. वास आला, बांधापर्यंत. मला वाटलं, ती त्यांना जागा करून देतेय. ती काठावर बसली. विहिरीकडे पाठ करून, डंपरकडे तोंड.

"बंद कर गारी."

ड्रायव्हरने शेठकडे बघितलं. शेठ गाडीतून उतरले. "वहिनी, तुमीच बोललेल्या."

"बोलले व्हते. बुजवायची हाय. पन पयलं त्या साहेबाला पानी काढूदे. माजा नवरा कशानं मेला ते कागदावं लिवूदे. मंग पयली पाटी मीच टाकीन, तुमचा डंपर नको."

"अहो, साहेब काय येतोय कधी—"

"मंग बसते."

हिराबाय दारातून आली, तिच्या शेजारी बसली. काठ दोघींना पुरेना, जरा सरकावं लागलं. माझ्याकडे दोघींपैकी कोणी बघितलं नाही. बघायचं कारणही नाही.

शेठ फोनवर बोलतायत, भिंतीपाशी, पाठ करून. दोनदा माझं नाव ऐकलं. एकदा स.चंही.

साडेअकरा. अधिकाऱ्याला चार वेळा फोन लावला. पहिल्यांदा वाजला, मग लागतच नाही. रियाझभाई रस्त्यापर्यंत जाऊन आले, सरकारी गाडी दिसत नाही म्हणाले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलंय, स्टिअरिंगवर डोकं टेकलंय. ऊन चढलंय. हिराबायने पदर डोक्यावर घेतला, अर्धा सुनेच्या डोक्यावर टाकला.

कल्पना उठलेली नाही.